बंगला एकीला, गोष्ट दुसरीला

दोघींपैकी वस्तीत कोणती वाढवायची, हे आम्ही चहा गार व्हायच्या आत ठरवून टाकलं. गोरेगावला निर्मात्याच्या ऑफिसात बैठक होती. मी लेखिका, एक दिग्दर्शक, चॅनलकडून आलेला एक तरुण, आणि समोरच्या सोफ्यावर आईच्या दोन बाजूंना बसलेल्या सात वर्षांच्या जुळ्या मुली. इतक्या सारख्या, की हाक मारताना आईनेही एकदा नाव चुकवलं. दिग्दर्शक म्हणाला, "हसा बघू दोघी." दोघी हसल्या. एकीचा वरचा पुढचा दात पडलेला होता.

"ही वस्तीतली," तो म्हणाला. "गरीब वाटते."

मी मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. थोरली वस्तीत, धाकटी बंगल्यात. थोरली म्हणजे काही मिनिटांनी थोरली. पुढे पंधरवड्यात धाकटीचाही तोच दात पडला, पण तोवर नशीब वाटून झालं होतं.

हा काळ २००० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांचा. मराठी वाहिन्यांवर रोजच्या मालिका नुकत्या जोम धरत होत्या. रोज एक भाग म्हणजे रोज वीस-बावीस मिनिटं दाखवण्याजोगं चित्रीकरण, आणि त्याच्या आदल्या रात्री माझ्याकडून सीन. एकाच कलाकाराकडून डबल रोल करून घ्यायचा तर कॅमेरा जागचा हलवायचा नाही, चौकटीचा एक अर्धा भाग आधी घ्यायचा, दुसरा अर्धा कपडे बदलून नंतर, आणि मध्येच मागचा पडदा वाऱ्याने हलला तर सगळं पहिल्यापासून. त्या एका शॉटमध्ये अख्खी सकाळ जाते. लहान मुलीकडून ते होणं अवघडच. त्यामुळे खऱ्या जुळ्या सापडल्यावर निर्माता इतका खूश झाला, की त्याने पहिल्यांदा आणि शेवटचं, न मागता मला मानधनाचा चेक दिला.

गोष्ट माझी नव्हती. तशी ती कुणाचीच नव्हती. जन्मतः ताटातूट, एक श्रीमंताघरी, एक गरिबाघरी, मग अदलाबदल, मग मीलन. १९६७ चा 'राम और श्याम', १९७२ चा 'सीता और गीता', १९८९ चा 'चालबाज', १९९० चा 'किशन कन्हैया'. 'राम और श्याम' हाच मुळात १९६४ च्या 'रामुडु भीमुडु' या तेलुगू चित्रपटावरून केलेला. मी हे सगळे थिएटरात पाहिलेले. चॅनलला दोन पानांत कल्पना लिहून दिली आणि तिच्यात 'नव्या स्वरूपात' हे शब्द घातले. नवं एवढंच होतं, की 'राम और श्याम'मधल्या मारकुट्या मेहुण्याच्या जागी मी दुष्ट काकू आणली. ती 'सीता और गीता'त होतीच.

या सिनेमांचा हिशेब माझ्या अंगात मुरलेला होता. दिलीपकुमारचा राम हवेलीत वाढतो आणि प्राणच्या चाबकापुढे थरथरतो. श्याम कुणाच्या बापाला भीत नाही. हेमामालिनीची सीता स्वतःच्याच घरात मोलकरणीसारखी राबते, आणि रस्त्यावर खेळ करून पोट भरणारी गीता पोलीस ठाण्यात पंख्यावर चढून बसते. ज्याला घर मिळालं त्याचं धैर्य काढून घ्यायचं आणि ज्याला मिळालं नाही त्याच्या पदरात ते टाकायचं. मग तीन तासांनी प्रेक्षक उठतो तेव्हा कुणाचं कुणाकडे काही देणं राहिलंय असं त्याला वाटत नाही.

मला हा न्याय वाटायचा. आता वाटतं, ती नुसती सोय होती. या सिनेमांत खरोखर सुखात वाढलेला जुळा कुणी दाखवतच नाही. श्रीमंत घरात एक लबाड पालक आधीच बसवून ठेवलेला असतो. कारण एक जण पोटभर जेवून, चांगल्या शाळेत शिकून, लाडात वाढला आणि दुसऱ्याला यातलं काहीच मिळालं नाही, असं सरळ दाखवलं, तर तो दुसरा कधीतरी विचारणार, की मग मी का नाही? आणि त्याला उत्तर द्यायला पटकथेत जागा नसते.

मीही ठेवली नाही. उलट वस्तीतल्या मुलीला मी गुणांनी मढवून काढलं. ती धीट होती, तोंडाळ होती, दयाळू होती. अर्धा वडापाव कुत्र्याला घालायची. दादागिरी करणाऱ्या मोठ्या पोरांना दगड मारून पळवायची. वस्तीत मी एक दिवसही राहिले नव्हते. दादरच्या तीन खोल्यांत वाढले. वस्ती मला माहीत होती ती लोकलच्या खिडकीतून.

सेटवर एक स्पॉटदादा होते, मालाडच्या कुरार भागात राहणारे. सीन वाचल्यावर मी त्यांच्याकडून चहा घेत होते, तेव्हा म्हणाले, "मॅडम, विचारू का एक? ही पोरगी पाण्याला कधी जाते?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे पाणी पहाटे येतं. हिच्याएवढीच पोरं हंडे घेऊन रांगेला असतात. ही दिवसभर एवढी मस्ती करते, तर झोपते कधी?"

मी हसले, म्हणाले छान मुद्दा आहे, आणि त्याच आठवड्यात पाण्याचा सीन लिहिला. रांगेत भांडण, त्यात आमच्या मुलीचा एक टाळ्या घेणारा टोमणा, मग सगळ्या बायका हसतात आणि तिला पहिला नंबर देतात. पाठीमागे ढोलकी. सीन चांगला झाला. स्पॉटदादांनी तो मॉनिटरवर शेवटपर्यंत पाहिला आणि कप गोळा करायला गेले. त्यानंतर त्यांनी मला काही विचारलं नाही, आणि ते सीन आवडल्यामुळे, अशी मी समजूत करून घेतली.

धाकटीचा दात पडला तेव्हा मात्र सेटवर खरी पंचाईत झाली. तोवर प्रोमो चालू झाले होते आणि पडलेला दात ही वस्तीतल्या मुलीची ओळख ठरली होती. दोघींचे दात पडलेले असतील तर लोकांनी ओळखायचं कसं? अदलाबदलीचा ट्रॅक अजून पुढे होता. मीटिंग बसली. सात वर्षांच्या मुलीच्या दातावर पाच मोठ्या माणसांनी तासभर चर्चा केली आणि ठरलं, की बंगल्यातलीने तोंड मिटून हसायचं. आता तोंड मिटून हसणाऱ्या मुलीला संवाद फार देता येत नाहीत. मी ते कमी करत गेले. बाहुली घेऊन सोफ्यावर बसणं, खिडकीतून बघणं, काकूचा ओरडा ऐकून डोळ्यांत पाणी आणणं, एवढंच तिच्याकडे उरलं. तिकडे थोरलीच्या हिरडीत नवा दात डोकावू लागल्यावर मेकअपदादा रोज सकाळी त्याला काळा रंग लावायचे. गरिबी टिकवून धरायला एवढे कष्ट घ्यावे लागतील असं मला वाटलं नव्हतं.

टीआरपी वस्तीचा होता. आकडे आले की चॅनलचा फोन यायचा, वस्ती वाढवा. म्हणून पावसाचा सीन, चिखलाचा सीन, हरवण्याचा, सापडण्याचा, तापाने फणफणण्याचा. सगळं थोरलीकडे. मानधन दिवसावर होतं, त्यामुळे महिन्याअखेरीस थोरलीचे पैसे धाकटीच्या दुप्पट व्हायचे. त्यांची आई एकदा हसत म्हणाली, "ताई, तुमच्यात गरिबालाच जास्त मिळतं की." मीही हसले. असा विनोद दोघी मिळून हसून घालवला की तो पुन्हा निघत नाही.

माझा जीव थोरलीसाठी तुटायचा. तिला फाटका फ्रॉक, तिला चिखल, तिला रडणं. दुपारच्या सुट्टीत मी तिला जवळ बसवून घ्यायची, चॉकलेट द्यायची. मढच्या ज्या बंगल्यात आम्ही शूटिंग करायचो तिथे एका दुपारी मी जिन्याखाली बसून पाने खोडत होते. धाकटी आली. रेशमी फ्रॉक, केसांना रिबिनी, हातात बाहुली. सीनबाहेरही ती बाहुली तिच्याकडेच असायची, कारण हरवली तर कंटिन्युटीचा प्रश्न.

"मावशी, माझं पुढे काय होणार आहे?"

"म्हणजे गं?"

"तिला चिखलात पडायला मिळतं. कुत्रा पण तिचाच आहे. मला नुसतं बसायला लागतं."

मी म्हणाले, "तुझाही सीन येतोय. मोठा. पुढच्या आठवड्यात."

"पडायचं आहे?"

"पडायचं पण आहे."

ती उड्या मारत गेली. मी खोटं बोलले नव्हते. माझ्या डोक्यात सीन होता. मुलगी बंगल्यातून पळते, समुद्राकडे जाते, वाळूत पडते, रात्र होते. आठवडा आला. त्या आठवड्याचे आकडे पुन्हा वस्तीचे चढले आणि चॅनलच्या तरुणाने सांगितलं, आता बंगल्यात वेळ घालवू नका. मी सीन पुढे ढकलला. मग आणखी पुढे. तिने पुन्हा विचारलं नाही. सेटवर मला बघितलं की मात्र थांबायची.

पुढे आकडे घसरले आणि लीप ठरला. पंधरा वर्षांचा. मालिकेत पंधरा वर्षं उलटायला जाहिरातींच्या एका ब्रेकएवढा वेळ लागतो. मी विरोध करू शकले असते, निदान महिनाभर मागून घेऊ शकले असते. केला नाही. लहान मुलांच्या वेळा सांभाळून लिहायचा कंटाळा आला होता, आणि तरुणांचे प्रेमाचे ट्रॅक मला झोपेतही लिहिता यायचे. आता मालिका नफ्यात होती, तेव्हा एकच नटी दोन्ही भूमिका करणार, कॅमेरा जागचा न हलवता. मुलींना उद्यापासून यायची गरज नाही हे प्रॉडक्शनकडून फोनवर कळवलं गेलं. त्या संध्याकाळी त्यांच्या आईने मला फोन केला. मी उचलला नाही. कामात नव्हते, शेंगा सोलत बसले होते.

पुष्कळ वर्षांनी ती एका लग्नात भेटली. म्हणाली, थोरलीला त्या दिवसांतलं काही आठवत नाही, धाकटीला सगळं आठवतं. तक्रार म्हणून सांगितलं नाही तिने. मीच जेवणाकडे विषय वळवला.

लीपनंतर माझ्या हाताखाली एक पोरगा संवाद लिहायला आला. 'स्टार वॉर्स'चं वेड असलेला. आधीचे भाग पाहून मला म्हणाला, "मॅडम, तुमची बंगल्यातली म्हणजे लिया झाली." मला कळेना. त्याने सीड्या आणून दिल्या. बाप अत्याचारी सत्तेला जाऊन मिळालेला, म्हणून जुळ्यांना जन्मतःच दोन दिशांना लपवलेलं. मुलगी लिया आल्डेरान ग्रहावर राजघराण्यात. मुलगा ल्यूक टॅटूइनच्या वाळवंटात काका-काकूंकडे, जिथे हवेतली ओल गोळा करून शेती करतात. आपल्या कोरडवाहूवाल्यांनाही दया यावी अशी जागा. वरवर पाहिलं तर अन्याय ल्यूकवर. पण म्हातारा गुरू त्याच्यावर नजर ठेवायला त्याच वाळवंटात येऊन राहतो. बापाची तलवार त्यालाच मिळते, विद्याही त्यालाच. लियाला कुणी काही सांगतच नाही. १९७७ च्या पहिल्या चित्रपटात तिच्या डोळ्यांदेखत तिचा ग्रह उडवला जातो, आईबाप, घरदार, माणसं, सगळं. आणि नंतर गुरू मारला गेल्यावर तीच ल्यूकच्या खांद्यावर पांघरूण घालून त्याची समजूत काढते. तिची कुणी काढत नाही, तेवढा वेळ चित्रपटाकडे नाही. हे दोघं भाऊबहीण असल्याचं १९८३ च्या चित्रपटात उघड होतं, आणि त्याआधीच्यात तिने त्याचं चुंबन घेतलेलं असतं. म्हणजे तिथेही लिहिणाऱ्यांनी पुढचं सगळं आधी ठरवलेलं नसावं. एवढ्या खर्चाच्या चित्रपटात धंदेबंधू भेटल्याचा मला मनापासून आनंद झाला.

तो आनंद ओसरल्यावर मात्र ती बाहुलीवाली दुपार आठवली. लेखकाकडे वाटायला दोन जिनसा असतात. एक घर, दुसरी कथा. मी घर धाकटीला दिलं आणि कथा थोरलीला, आणि वाटणी सारखी झाली असं धरून चालले होते. त्यातली खोट सात वर्षांच्या पोरीने बरोबर पकडली होती, कारण आम्ही सगळे ज्या जागी काम करत होतो तिथे कथा हीच श्रीमंती होती. दुसरी खोट स्पॉटदादांनी त्याच्याही आधी दाखवली होती. कथा हे चलन पडद्याबाहेर चालत नाही. कुरारच्या नळावर पहाटे उभ्या असलेल्या मुलीला त्या उभं राहण्याबद्दल ढोलकी मिळत नाही, नुसतं पाणी मिळतं, तेही संपलं नसेल तर.

मालिका संपून काही वर्षं झाल्यावर मुलीकडे लंडनला गेले होते. तिने फिनिक्स थिएटरला 'ब्लड ब्रदर्स' दाखवलं. विली रसेलचं संगीत नाटक, १९८३ साली लिव्हरपूलमध्ये पहिल्यांदा झालेलं. नवऱ्याने टाकलेली, पदरी पोरांचं लटांबर असलेली बाई एका घरी साफसफाईचं काम करते. तिला जुळं होणार असतं आणि मालकिणीला मूल नसतं. बायबलवर हात ठेवून सौदा होतो. एडवर्ड मालकिणीकडे, मिकी आईकडे. मी सवयीने चाबूकवाल्याची वाट बघत बसले. तो आलाच नाही. एडवर्डची ती आई संशयाने पोखरत जाते हे खरं, पण पोराला ती काही कमी पडू देत नाही. तो चांगल्या शाळेत जातो, विद्यापीठात जातो, पुढे नगरसेवक होतो, स्वभावानेही गोड. मिकी कारखान्यात लागतो, कपात होते तेव्हा बाहेर फेकला जातो, थोरल्या भावाच्या नादाने दरोड्यात अडकतो, तुरुंगातून येतो तो गोळ्यांची सवय घेऊन. लहानपणची त्याची मस्ती रसेलने जशी दिली तशी काढूनही घेतली. धैर्याचं बक्षीस नाही, टाळीचा टोमणा नाही. शेवटी खरं कळल्यावर मिकी आईला विचारतो, तू मला का नाही देऊन टाकलंस? मी तो झालो असतो.

मी ज्या प्रश्नाला जागा ठेवली नव्हती तो हाच. रसेलनेही उत्तर दिलेलं नाही. दोघे मरतात आणि नाटक संपतं. मुलीने माझा हात धरला, तिला वाटलं मी आई म्हणून रडतेय. मी माझे जुने सीन आठवत होते.

त्यानंतर मी उलट्या दिशेने वाचायला लागले. गुलजारांचा १९८२ चा 'अंगूर' आपल्याकडे पाठ असतो लोकांना. दोन अशोक मालक, दोन बहादूर नोकर. मूळ शेक्सपिअरचं 'कॉमेडी ऑफ एरर्स'. शेक्सपिअरने ते प्लॉटस या रोमन नाटककारावरून घेतलं, पण प्लॉटसकडे जुळ्यांची जोडी एकच होती, दुसरी शेक्सपिअरने वाढवली. ही दुसरी जोडी आली कुठून, ते पहिल्याच प्रवेशात म्हातारा व्यापारी सांगून टाकतो. ज्या खानावळीत माझ्या बायकोला जुळे मुलगे झाले, तिथेच त्याच घटकेला एका गरीब बाईलाही जुळे मुलगे झाले. आईबाप फारच गरीब होते, तेव्हा माझ्या मुलांच्या चाकरीला मी ते विकत घेतले. पुढे तुफान, ताटातूट, गोंधळ. मालकांच्या जोडीची ताटातूट हे नाटकाचं दुःख, आणि नोकरांच्या जोडीला दोन्हीकडून पडणारा मार हा त्यातला विनोद. चौघं एका छपराखाली जन्मले. कुणाला कुठलं आयुष्य, हे एका थैलीने ठरवलं, आणि चारशे वर्षं आम्ही हसतोय. मी 'अंगूर'ला अजूनही हसते. देवेन वर्मांपुढे इलाज नाही.

पण तिथे मला एक गोष्ट दिसली ती आधी दिसली नव्हती. ताटातूट झालेल्या जुळ्यांची गोष्ट विषमतेबद्दल बोलते असं आपण धरून चालतो. ती बोलते चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या एका मुलाबद्दल. बंगल्याची मुलगी वस्तीत वाढली म्हणून घराघरांत लोक हळहळले, मला पत्रं आली. त्याच वस्तीच्या सेटवर मागे गर्दी म्हणून वीसेक पोरं खेळत असायची. ती वस्तीतच जन्मलेली, म्हणून त्यांच्यावर काही अन्याय झालाय असं एकाही पत्रात नव्हतं. माझ्या सीनमध्येही नव्हतं. बंगल्यात तर एक कामवालीची मुलगी होती, आमच्या दोघींच्याच वयाची. ट्रे आणायची, काकूचा ओरडा खायची आणि जायची. स्क्रिप्टमध्ये मी तिला नावही दिलं नव्हतं. 'का. मुलगी' असं लिहायचे, जागा वाचायची.

कर्णासाठी आपण रडतो कारण तो कुंतीचा. अधिरथाच्या पोटच्या पोरासाठी कोण रडलंय? शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये त्या शोणाला निवेदनाचा एक भाग स्वतःचा दिला. १९६७ साली, म्हणजे 'राम और श्याम' लागला त्याच वर्षी. पुस्तक माझ्या कपाटात होतं. कॉलेजात असल्यापासून मी त्यातली कर्णाची पानं पुन्हापुन्हा वाचत आले होते.

राहिला मालिकेचा शेवट. शेवटच्या आठवड्यात सगळं उघड होतं, काकू तुरुंगात जाते आणि प्रश्न येतो इस्टेटीचा. वडिलोपार्जित वाडा, जमीन, कारखाना. चॅनलला शेवट उदात्त हवा होता. मी लिहिलं, की वस्तीत वाढलेली बहीण वकिलासमोर हक्कसोडपत्रावर सही करते आणि म्हणते, मला इस्टेट नको, मला माझी बहीण हवी. बासरी. क्लोजअप. दोघी गळ्यात पडतात, म्हणजे एकच नटी स्वतःच्या गळ्यात पडते, त्याला अख्खा दिवस लागला. लाइटवाल्यांनी डोळे पुसले. त्या सीनचं कौतुक मी पुढे कितीतरी महिने पुरवून खाल्लं.

वकिली करणारी माझी एक मैत्रीण आहे. तिचा फोन आला. म्हणाली, "१९९४ साली महाराष्ट्राने कायदा बदलला, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः मुलाएवढा वाटा दिला. अजून केंद्रानेही केलेलं नाही. तो वाटा बहिणींकडून सह्या घेऊन कसा काढला जातो, ते आम्ही रोज बघतो. आणि तू रात्री आठ वाजता ते बासरी लावून दाखवलंस."

मी म्हणाले, "अगं, इथे भाऊच नाही. बहिणी आहेत दोघी. आणि मालिका आहे ती."

"हो, ते खरं," ती म्हणाली. "आणि हक्कसोडपत्राची नोंदणी करावी लागते, नुसत्या सहीने भागत नाही. तू नोंदणी दाखवलेली नाहीस. तेव्हा तुझ्या नायिकेचा वाटा अजून शाबूत आहे, काळजी करू नकोस."

यावर आम्ही दोघी खूप हसलो. २००५ मध्ये केंद्राचाही कायदा बदलला, तेव्हा तिने पेढे दिले आणि पुन्हा तोच विनोद केला.

मालिका संपल्यावरच्या संक्रांतीला सातारा जिल्ह्यातल्या एका गावात महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला मला प्रमुख पाहुणी म्हणून नेलं होतं. भाषण झालं, वाण वाटून झालं. चाळिशीची एक बाई गर्दीतून पुढे आली आणि माझे दोन्ही हात धरले.

"ताई, तुमच्या त्या पोरीनं सही केली ना, त्या रात्री लई रडले बघा. मलाबी तसंच वाटायचं, पण धीर होत नव्हता. मग मीबी करून टाकली. भावाला म्हटलं, मला काय नको, माहेर तेवढं राहू दे."

मी विचारलं, "किती होतं?"

"दोन एकर. विहिरीचं."

माझ्या डोक्यात मैत्रिणीचा विनोद आला. मी विचारलं, "नुसती सहीच केलीत की नोंदवलंत?"

"नोंदवलं की! भाऊच घेऊन गेला तालुक्याला, जीपनं. येताना साडी घेतली." तिने खांद्यावरचा पदर दोन्ही हातांनी पसरून दाखवला. "हीच."

मी म्हणाले, रंग छान आहे.